गुरुवारचे फोन

आधीच सांगते, मी या असल्या गोष्टींची टिंगल करणाऱ्यांपैकी. वसईला आमच्या आळीत प्रत्येक विहिरीला एकेक भूत वाटून दिलेलं होतं आणि त्या सगळ्या विहिरींच्या काठावर बसून मी चिंचा खाल्ल्या आहेत. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण भीतीपेक्षा मला यातल्या माझ्या वागण्याची लाज जास्त वाटते... म्हणूनच लिहितेय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवरा दोह्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता, आम्ही राहायला अल मन्सूरात. मला जवळच्याच बिन महमूद भागात नोकरी लागली — अरब देशांत मानवी हक्कांचं काम करणाऱ्या एका बिनसरकारी संघटनेच्या छोट्याशा ऑफिसात. दोन खोल्या, कुरकुरणारा एसी आणि आमचे सुदानी वकील. त्यांना सगळे उस्ताझ म्हणत, आपण 'सर' म्हणतो तसं. हिंदी-मराठी बोलणारा कामगार तक्रार घेऊन आला की त्याचं म्हणणं मी त्यांना इंग्लिशमध्ये सांगायची.

उस्ताझचा एक नियम होता. माणूस कोठडीत गेला की ज्याने त्याची तक्रार ऐकली, त्यानेच दर गुरुवारी त्याच्या घरी फोन करायचा. खोटा धीर द्यायचा नाही. बातमी नसेल तर "बातमी नाही, पण आम्ही विसरलेलो नाही" एवढं तरी सांगायचंच.

भाऊराव हा जालन्याकडचा ट्रेलर ड्रायव्हर. कंपनी पासपोर्ट दाबून बसलेली, घरी जाऊ देईना, म्हणून तो आमच्याकडे आला. कंपनीने उलट "हा पळून गेला" अशी तक्रार केली आणि पोलिसांनी त्याला उचललं. कुठे ठेवलंय तेही आम्हाला कळेना. आमच्याकडे आला तेव्हा त्याने गावातल्या गुरुजींच्या घरचा नंबर मला दिला होता. शेजारीच राहणाऱ्या त्याच्या बायकोला, शालनला, ते हाक मारत.

"मॅडम, माझं काई झालंच तर घरी तेवढं कळवा," तो म्हणाला होता. "लोक काईबाई बोलत्यात."

मी फोन केला नाही.

पहिल्या गुरुवारी काहीच कळलेलं नव्हतं. म्हटलं, सांगू काय? दुसऱ्या गुरुवारी पहिला केला नाही याचीच लाज वाटली. मग तो फोन जड होतच गेला. उस्ताझ विचारायचे, "केलास?" मी म्हणायची, "इन्शाल्ला." आपण "बघू" म्हणतो ना, अगदी तसं! शेवटी शेवटी तर मी सरळ "हो, घरून केला" म्हणायला लागले.

उस्ताझ मात्र अर्जावर अर्ज करत राहिले. उन्हाळा सरला आणि भाऊराव सुटून थेट गावी पोचला. एका सकाळी ऑफिसचा फोन वाजला. तोच होता, रडत होता. मग शालनने फोन घेतला.

"ताई, तुमी दर गुरुवारी फोन केला म्हून मी या घरात हाय. सासरा म्हणत व्हता, त्यानं तिकडं दुसरी केली, तू लेकरं घे अन् माहेरी जा. तुमी सांगितलं, त्यो पळाला न्हाई, त्याला धरलंय... तवा कुठं म्हातारा गप बसला."

"मी? मी फोन केला?"

ती हसली आणि तिने गुरुजींना फोन दिला. "अहो, मीच उचलायचो ना," ते म्हणाले. "चहाच्या वेळेला. तुमच्या वडिलांचंही तुम्हीच सांगितलंत — बोटीवर होते, महिनोन् महिने पत्ता नव्हता, आई रोज पोस्टमनसाठी दारात उभी राहायची."

बाबांचं हे मी कुणाला सांगत नाही. नवऱ्यालाही अर्धंच माहीत. आणि ऑफिसात मराठी येणारी मी एकटी.

उस्ताझ समोरच उभे होते. "काय म्हणतायत?"

"थँक यू म्हणतायत."

त्यांनी खूश होऊन स्वतःच्या हाताने मला चहा ओतून दिला. खरं बोलायची वेळ तीच होती. मी चहा प्यायले.

नंतर सगळे विचार करून झाले. ऑफिसच्या फोनला लॉक होतं, किल्ली उस्ताझकडे. घरून केला म्हणावं तर त्या वेळी मी ऑफिसात असायची. मीच करून विसरले? छे. चुकवलेलं काम माणूस विसरत नाही. प्रत्येक गुरुवार मला आठवतोय. चर्चमधल्या फादरना सांगितलं, तर ते म्हणाले, देवाचे आभार मान. आभार कुठल्या तोंडाने मानू? माझं काम कुणीतरी माझ्या आवाजात केलं आणि श्रेय मी लाटलं. कोणी केलं, कसं केलं... आजही मला कळलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी उस्ताझकडून किल्ली मागून घेतली आणि फोन लावला. माझा पहिलाच. सगळं खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं.

"ताई! आता तर हे घरी आले, तरी तुमी फोन केलाच!" शालनला कोण आनंद झाला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "फोन ठिवताना तुमी म्हणायच्या ना, ते येकदा म्हणा की. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा."

काय म्हणत असेन मी?

"सांभाळून राहा, शालन," मी म्हटलं.

ती हळूच म्हणाली, "न्हाई ताई. हे न्हाई."