नळाच्या पाण्याची चौकशी

आमच्या घरमालकांइतका संशयी माणूस रेवदंड्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर झाला नाही, आणि होऊही नये. मी त्यांच्या वाडीतल्या दोन खोल्यांत राहणारा शाळामास्तर. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं सामान पाहिलं आणि मास्तराकडे एवढी कमी पुस्तकं कशी, असा संशय घेतला. पुढं मी पुस्तकं आणली, तेव्हा एवढी कशाला, असा घेतला. पोस्टमननं पाकीट दिलं की आधी ते उन्हात धरून पाहायचे, मग पोस्टमनकडे पाहायचे. पाडेकऱ्यानं नारळ कमी पाडले तर चोरले म्हणायचे; जास्त पाडले तर शेजाऱ्याच्या माडाचे आहेत म्हणायचे.

एकोणीसशे तीसच्या सुमारास अशा माणसाच्या दारापर्यंत म्युनिसिपालिटीचा नळ आला. डोंगरातल्या तलावाचं पाणी लोखंडी नळांतून गावात खेळू लागलं. घरात नळ हवा असेल तर मालकानं अर्जावर सही करायची. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, अर्ज मागवून देव्हाऱ्यापाशी ठेवला. वाडीतली विहीर मचूळ, माडांपुरती. प्यायचं पाणी काकू वाळू तुडवत लांबच्या विहिरीवरून आणत, आणि त्यांची कंबर आता साथ देईनाशी झाली होती. घरमालक म्हणाले, आधी चौकशी होऊ द्या, तोवर घरात नळाचा थेंब नको.

चौकशी वर्षभर चालली. शाळेतल्या नळाचं पाणी त्यांनी माझ्याकडून बरणीत मागवलं आणि त्यात विहिरीतला मासा सोडला. मासा आठवडाभर मजेत राहिला, तेव्हा त्यांचा संशय पाण्यावरून माशावर गेला. मग परसात वेगळी चूल मांडून त्या पाण्यात तूरडाळ शिजवली. ती विहिरीच्या पाण्यापेक्षा लवकर शिजली. झालं! एवढ्या लवकर शिजते त्या अर्थी पाण्यात काहीतरी घातलंय. शेवटी त्यांनी नळाचं काम पाहणाऱ्या ओव्हरसियरला रस्त्यात गाठून विचारलं, "रात्रभर त्या अंधाऱ्या नळात पाणी काय करतं, ते कोणी पाहिलंय?" त्या बिचाऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं.

पौषात काकूंची कंबर धरली आणि त्यांनी अंथरूणच धरलं. घरमालक उभ्या जन्मात पहिल्यांदा कळशी घेऊन विहिरीवर निघाले. मीही सोबत गेलो. त्यांना पोहरा धड ओढता येईना, तेव्हा एका कोळणीनं दोर हातातून घेतला.

"तुमची बाय रोज सा खेपा करते," ती म्हणाली. "तुम्हाला ठाव न्हाय?"

 दुसऱ्या खेपेला घरमालक वाळूतच बसले. "मास्तर, सगळ्या गावावर नजर ठेवली मी," ते म्हणाले. "घरातलं माणूस रोज कुठं जातं, तेवढं पाहिलं नाही."

त्याच दुपारी त्यांनी अर्जावर सही केली, आणि तीही न वाचता. 

नळ आला, पण काकूंची कंबर पुन्हा सरळ झाली नाही. पाणी घरमालकच भरत. नळावर त्यांचा विश्वास मात्र अखेरपर्यंत बसला नाही. रोज सकाळी पहिलं भांडं ते स्वतः पीत, पायरीवर बराच वेळ बसून राहत, आणि मगच काकूंना पाणी नेऊन देत. इतक्या वर्षांनंतरही हे कशाला, असं मी एकदा हसत विचारलं.

"मला काही झालं तर चालेल," ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा सोडली. आज इतक्या वर्षांनी केली, पण रागवायला ते नाहीत, याचं वाईट वाटतं.