बाकावरून उठलेली

सकाळपासून वारा असा सुटला होता, की झाडलेलं अंगण पुन्हा झाडावं. पैलवानीणबाईंनी पिंप भरलं, नवऱ्याचा डबा बांधला, सासूची गोळी पाण्यासकट तिच्या पुढ्यात ठेवली आणि स्कूटर बाहेर काढली. बाई शाळेत शिकवायच्या आणि चाळिशी उलटल्यावर शिक्षणशास्त्रात पीएचडी करत होत्या. वडील गॅसच्या टाक्या घरोघर पोचवायचे. लहानपणी त्यांच्या हाताखाली टाक्या उचलून खांदे असे भरले, की अभ्यासगटात त्यांचं नावच पैलवानीण पडलं.

गट म्हणजे तीन डोकी, तिघंही पीएचडीच्या मागे. निवृत्त मुख्याध्यापिका आक्का, तिशीचा बारकू आणि बाई. बारकूकडे चष्मा आणि बरगड्या एवढाच ऐवज. विद्यापीठातला गाईड भेटीला सापडणं मुश्किल, म्हणून हे तिघंच एकमेकांचे गाईड झाले होते. आक्कांच्या घरामागच्या खोलीत एकमेकांचं लिखाण वाचायचे, चिरफाड करायचे आणि रडकुंडीला आलेल्याला पुन्हा लिहायला बसवायचे.

बारकू आणि बाईंचं काम जोडीचं होतं. मुलाचं उत्तर चुकलं की शिक्षक काय करतो, हे बघायचं. दोघांनी मागच्या बाकावर बसून आपापल्या तक्त्यात खुणा करायच्या. समजावलं, सोडून दिलं, ओरडले, मारलं. दोघांच्या खुणा जुळल्या तरच तो तास धरायचा. नियम एकच, काही झालं तरी आपण बाक. बाक उठत नसतो. बारकूची मुदत सत्राअखेर संपत होती. हे तास हातचे गेले तर पदवीही गेली.

निरीक्षणाला मिळालेल्या शाळेत गणिताचे सर लाकडी पट्टीनं शिकवत. त्या दिवशी एका पोरीचा भागाकार चुकला. पट्टी तळहातावर बसली. बाईंनी खूण केली. पोरीनं हात ओढला म्हणून पुढचा फटका मनगटावर बसला आणि हाड वाजलेलं मागपर्यंत ऐकू आलं. पुन्हा खूण. मग सरांनी तिची वेणी मुठीत गुंडाळली आणि डोकं फळ्यावर आपटलं. खडूच्या आकड्यांवरून लाल ओघळ खाली आला. बाईंची पेन्सिल सवयीनं चौथ्या रकान्यात गेली आणि खूण होऊनही गेली. ती दिसताच त्यांनी पेन्सिल टाकली. सरांनी पुन्हा आपटलं, तोवर बाई फळ्यापाशी पोचल्या होत्या.

"तुम्हाला कोणी बोलावलंय?" सर म्हणाले.

बाईंनी त्यांचं मनगट पिरगळलं. वेणी सुटली, पण दुसऱ्या हातातली पट्टी बाईंच्या तोंडावर बसून ओठ फाटला. बाईंनी सरांना टाकीसारखं कमरेत उचललं आणि टेबलावर आदळलं. टेबलाचा पाय मोडला, सरांचं नाक फुटलं, पोरं बाकांखाली शिरली. बारकू तसाच बसून होता. त्याची पेन्सिल चालूच होती.

मुख्याध्यापकांनी दोघांना फाटकाबाहेर काढलं, ते पुन्हा पाऊल न टाकण्याच्या बोलीवर. बाईंनी पोरीला कडेवर घेऊन दवाखाना गाठला. टाके पडेपर्यंत पोरीनं त्यांचा पदर सोडला नाही.

संध्याकाळी आक्कांच्या खोलीत बारकूनं खुर्ची उचलून खिडकीवर फेकली. काच खळकन खाली आली.

"माझी मेहनत मातीत घातलीस तू." एरवी तो ताई, तुम्ही म्हणायचा. "तुला पैलवानकी करायची होती तर आखाड्यात जायचं होतंस."

"बारक्या, तिचं डोकं फुटलं होतं."

"दिसत होतं मला." त्यानं जाड फाईल बाईंच्या छातीवर हाणली, पुन्हा हाणली. बाईंनी हात उचलला नाही. आक्का उठल्या आणि बारकूच्या कानाखाली वाजवली. चष्मा कोपऱ्यात जाऊन पडला.

आक्का आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या.

"शिक्षक का मारतात, यावर पीएचडी करतेय मी," त्या म्हणाल्या. "मेल्यांनो, माझ्या हातून काय करून घेता." मग खाली बसत म्हणाल्या, "दुसरी शाळा मी मिळवून देते. पण उठायचं कधी, ते आत्ता ठरवा."

"रक्त आलं की," बारकू पुटपुटला.

"म्हणजे रक्ताची वाट बघायची?" बाईंनी विचारलं.

"मग डोक्याला हात लावला की."

"आणि मनगट?"

"पहिल्याच फटक्याला उठलो तर चौथ्या रकान्यात काय राहणार, ताई? माझा विषयच संपला."

बारकूनं चाचपत चष्मा शोधला.

"तुम्ही सरांना आपटलंत ना," तो खाली बघतच म्हणाला, "त्याचीही खूण केलीय मी. मारलं, म्हणून. कोण कोणाला मारतंय, तेवढंही हाताला कळलं नाही."

त्याचे खांदे हलायला लागले. बाई त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. चष्मा पुसून तो म्हणाला, "पहिल्या फटक्याला उठायचं. दोघांनी. तास तिथंच संपला म्हणायचा."

"मुदत?" बाईंनी विचारलं.

"वाढवून मागतो. नाही दिली तर नाही दिली."

"मागायला मीही येते," आक्का म्हणाल्या. "आणि काचेचे पैसे तू भर."

घरी सासूनं बाईंचा ओठ निरखला. "कोणी मारलं गं?"

"गणितानं."

"आलं का मग उत्तर?"

"थोडं आलं."

"बरं. भांडी तशीच पडलीत, मला काही वाकवत नाही."

बाईंनी पदर खोचला, मोरीत पाट ओढला आणि करपलेलं पातेलं आधी घासायला घेतलं.