तोंडातली जुडी

गल्लीत त्याला सगळे रेडिओ म्हणत. धनुष्यं करणारा म्हणून त्याची ओळख नव्हती, कारण धनुष्यं वर्षाकाठी चार-पाच व्हायची आणि बोलणं रोज व्हायचं. रंधा मारताना तो बोले, दात घासताना बोले, आजारी माणसाला भेटायला गेला की आजारी माणूस झोपेचं सोंग घेई. लग्न झालं त्या महिन्यात बायकोने त्याला तीनदा काही सांगायला तोंड उघडलं. तिन्ही वेळा तिचं वाक्य त्यानेच पुरं केलं, तेही चुकीचं. मग ती वाट बघायला शिकली.

वाट पाठ चढवायच्या दिवसाची. लाकडाचं धनुष्य फार ओढलं की पाठीवर तडकतं, म्हणून तिथे जनावराची कंडरा चिकटवायची. खाटकाकडून म्हशीच्या मागच्या पायातल्या कंडरा आणायच्या, वाळवायच्या, लाकडी हातोडीने ठेचून केसासारखे धागे सुटे करायचे. त्या धाग्यांची एकेक जुडी तोंडात घोळवून मऊ करायची, हाडं-कातडं उकळून केलेल्या कोमट सरसात बुडवायची आणि विटा रचाव्यात तशी सांधे चुकवत बसवायची. एका धनुष्याला साठ जुड्या, एकाच बैठकीत. मेलेल्या जनावराला माणसाच्या तोंडाची ऊब मिळाल्याशिवाय ते पुन्हा ताण धरत नाही, असं तो म्हणे.

साठ जुड्या म्हणजे चार तास. त्या चार तासांत घरात एकच आवाज असे, तिचा. गळकं छप्पर, मुलीचं वसतिगृह, शिलाई मशीन, सगळं तिने अशाच बैठकांत तडीस नेलं होतं.

एक गोष्ट मात्र तिने कधी उच्चारली नाही. एकदा त्याची अक्कलदाढ सुजली, तेव्हा साठच्या साठ जुड्या त्याने पातेल्यातल्या पाण्यात भिजवल्या होत्या. चार तास तो दाढेविषयी बोलत होता. ते धनुष्य अजून धडधाकट आहे.

या वेळचं काम अवघड होतं. तिची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. मागच्या आठवड्यात जिन्यात गुडघा अडला आणि ती दोन तास पायरीवर बसून राहिली, कुणाला हाक मारायची लाज वाटली म्हणून. तिला इथे आणायचं तर खोली एकच होती, त्याची लाकडं वाळत घालायची. आणि अकरा वर्षांपूर्वी या ताईने त्याला भरल्या ताटावर सुनावलं होतं की जेवताना बोलू नये. तो घास त्याच्या घशात अजून होता.

नववी जुडी त्याच्या तोंडात गेली तेव्हा तिने बोलायला सुरुवात केली. जिना सांगितला, पायरी सांगितली, आणि एका दमात सांगून टाकलं की ताई रविवारी येते आहे, कायमची.

त्याने जोरजोराने नकाराची मान हलवली.

"मान हलवू नका. लाळ गळेल सरसात."

त्याने कानावरची पेन्सिल काढून फळीवर लिहिलं: लाकूड?

माळ्यावर, ती म्हणाली. मापून आले आहे, बोटभर जागा उरते.

तो बराच वेळ जुडी चघळत राहिला. मग लिहिलं: ती बोलू देत नाही.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"मग कळेल," ती म्हणाली.

त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि दहावी जुडी उचलली.

रविवारी ताई आली. धनुष्य तिच्या पलंगावरच्या आढ्याला टांगलेलं होतं. कंडरा वाळता वाळता आकसली आणि लाकूड उलट्या बाजूला वळत गेलं. ताई रोज सकाळी त्याची तपासणी करी आणि हे असं वाकडं का, म्हणून विचारी. तो सांगायला लागला की त्याचं व्याकरण सुधारी. त्याचं बोलणं अर्ध्यावर आलं. गल्लीतले लोक बायकोला काळजीने विचारू लागले, रेडिओ बिघडला का?

पुढच्या धनुष्याच्या वेळी ताई खुर्ची ओढून समोर बसली. बायको सरस हलवत होती. मुलीसाठी आलेल्या स्थळाचं तिला बोलायचं होतं. सहा आठवडे पोटात होतं.

नऊ जुड्या होईपर्यंत ताईने बघून घेतलं.

"तोंडात कशाला घालायचं हे? पाण्यात भिजवून चालत नाही का?"

सरसाचं भांडं हललं.

"नाही चालत," बायको म्हणाली. "धड चिकटत नाही."

धनुष्याबद्दल तिने काढलेलं एकही वाक्य त्याने आजवर दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्याने जुडी गालात सरकवली आणि बायकोकडे पाहिलं. ती भांड्यात बघत होती, कान तांबडे झालेले.

तो ताईकडे वळला आणि त्याने मान हलवली. नाही चालत. लाळेचा एक थेंब सरसात पडला.

त्याने गालातली जुडी बसवली, पुढची तोंडात घातली, स्टूल बायकोच्या बाजूला थोडं फिरवलं आणि भुवया वर केल्या. अजून पन्नास होत्या.