रस्त्याचा मोर्चा कोणता?

डिसेंबर १९८३, बुधवार. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मोर्चाला गेलो... आयुष्यात पहिल्यांदाच.

माझी बायको सुमन शाळेत शिकवायची. एका अभयारण्याच्या मधून डांबरी रस्ता काढायचं ठरलं होतं, त्याला तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा विरोध होता. आधी रस्ता येतो, मग गाड्या, मग लाकूडवाले... आणि मग जंगलच राहत नाही, असं ती म्हणायची.

दिवाळीनंतर ती अचानक गेली. तिची मैत्रीण शालिनीताई म्हणाल्या, "भाऊजी, मोर्चाच्या दिवशी तिच्या जागी तुम्ही बसा." मी हो म्हटलं. तिच्यासाठी एवढं तरी नीट करायचं होतं.

त्या दिवशी मोर्चे बरेच होते. पोलिसाला विचारलं, रस्त्याचा मोर्चा कोणता? त्याने काठीने दाखवलं. बॅनर पुढच्या बाजूला होता, मी मागून जाऊन उभा राहिलो.

"बसा ना जी, काहून उभे राहून राहिले?" एका म्हाताऱ्याने सरकून जागा दिली. फडकं सोडलं, भाकर आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. सुमनच्या ओळखीत गावाकडचीही माणसं आहेत, याचं मला बरं वाटलं... मी खाल्लं.

माझ्या डोक्यावर केस नुकते उगवत होते. ते बघून त्याने विचारलं, "घरचं कोन गेलं जी?"

"बायको."

"तुमच्याही गावाले रस्ता नोता का?"

मला काही कळेना. तोच सांगू लागला. "माही सून बंडीतच गेली. पोटुशी होती. जंगलातून चिखलात बैल हालेना... दवाखाना दिसला बी नाई तिले. म्हनून आलो, रस्ता मागाले."

तेव्हा समजलं, मी कुठे बसलोय ते.

"आमच्याकडे रस्ता होता," मी म्हटलं. "दवाखानाही जवळच होता."

"मंग?"



तेवढ्यात शालिनीताई धावत आल्या. "अहो भाऊजी, इथे काय करताय? आपण पलीकडे आहोत! सुमनच्या जागी बसायचंय ना तुम्हाला?"

"अरे, हा त जंगलवाला होय!" मागून कोणी तरी ओरडलं. "भाकर बी खाल्ली नं गा आपली!" एक बाई म्हणाली, "वाघाले सांगजा जी, ठेचा कसा होता थो!" सगळे हसले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"चूप वं," म्हातारा तिला म्हणाला. "त्याच्या घरी मौत झाली." मग माझ्याकडे वळला. "जा जी तुमी. तुमची बाई तिकडची होती न... त तिकडंच बसा."

मी पलीकडे जाऊन बसलो. कोणी तरी हातात पाटी दिली, ती धरली. "जंगल वाचवा" म्हणताना सगळ्यांबरोबर हात वर केला. समोरून "रस्ता द्या" ऐकू येत होतं आणि त्यात म्हाताऱ्याचा आवाज कोणता, तेच मी शोधत होतो.

सुमन असती तर तिने त्याला काही तरी उत्तर दिलं असतं. ती बरोबर होती, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण त्याला काय सांगावं, ते मला आजही सुचत नाही... तिच्या जागी मला त्यानेच बसवलं, हे मात्र खरं.

संध्याकाळी घरी आलो. अंगणात सुमन गेल्यापासूनची, महिनाभराची पानं साचली होती. खराटा घेतला आणि अंधार पडेपर्यंत झाडत राहिलो.