भोंगाकाका गप्प बसले

पानाबाईचं खरं नाव गिऱ्हाइकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तेराव्या वर्षी वडिलांच्या गॅरेजात तिनं पाना हाती धरला, तो पन्नाशी उलटली तरी सोडला नाही. दोन मुलींची लग्नं झाली, नवरा निवृत्त होऊन घरी बसला. बाईची खोडकर जीभ मात्र कामावर कायम होती.

एका सकाळी भोंगाकाका आले. तीस वर्षं स्टेशनवर घोषणा केलेला माणूस. नोकरी संपली, आवाज संपला नाही. शेजारी काकू. गाडी काकूंच्या वडिलांची, साठ वर्षं जुनी. आता मात्र पुढून चार बोटं वर उचललेली, आणि जरा खड्डा आला की कुईकुई.

"चाकांच्या दांड्यांच्या सांध्यातले रबरी बुश मी स्वतः बदलले," काकांनी जाहीर केलं. "नट असे आवळलेत, हत्ती आणला तरी सुटणार नाहीत!"

"गाडी जॅकवर असताना आवळलेत ना?"

"मग काय डोक्यावर घेऊन आवळू?"

"काका, चाकं लोंबकळत असताना आवळलं की रबर तसंच पकडलं जातं. गाडी खाली टेकली की त्याला पीळ बसतो. म्हणून ते गाडीला नीट बसू देत नाही. चार दिवसांत फाटेल बघा."

तिनं गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली, चारही चाकं जमिनीवर. खाली उतरून नट सैल केले, वर येऊन पुढचा बंपर पाच-सहा वेळा दाबला. गाडी मुकाट खाली बसली.

"आता दोघं पुढे बसा. रोजचं वजन हवं."

बाई पुन्हा खड्ड्यात शिरली, तसा वरून भोंगा सुरू झाला. "उजवा आधी घ्या! पाना सरळ धरा! आमच्या वेळी..."

दोन नट होईतो तिच्या डोक्याचा भुगा झाला. तिनं मान बाहेर काढली. "काका, बोललं की पोट हलतं, पोट हललं की गाडी हलते. परत पहिल्यापासून करावं लागेल."

काकांनी ओठ मिटले. काम दहा मिनिटांचं, बाईनं पाऊण तास लावला. जोर मोजणाऱ्या टॉर्कच्या पान्यानं टक् आवाज येईपर्यंत एकेक नट आवळला, त्यावर रंगाचा ठिपका दिला, मग खड्ड्यातच बसून चहा प्याली. वर काकू माहेरच्या गोष्टी सांगत होत्या, एकही अर्धवट न सोडता. काका लालबुंद होऊन नुसते हुंकारले, तर म्हणाल्या, "अहो, हलू नका!"

चक्कर मारून झाली. गाडी सरळ, आवाज बंद. "मी सांगितलं तसंच केलंत, म्हणून जमलं," काका गरजले आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

काकू मागे रेंगाळल्या. "बोलल्यानं खरंच गाडी हलते?"

"काकांचं पोट बघून वाटलं, हलत असेल."

काकूंनी पदराआड हसू दाबलं. "पुन्हा कधी तपासायचं?"

"शंभरेक किलोमीटर झाले की."

"मग उद्याच येते," म्हणत काकू गाडीत बसल्या आणि काकांना म्हणाल्या, "थेट माझ्या बहिणीच्या गावाला घ्या."