'माझ्यासाठी हटवा'

गेल्या गुढीपाडव्याला दुपारी माझ्या धाकट्या भावाचा युद्धनौकेवरून व्हिडिओ कॉल आला. नौका समुद्रात होती आणि तिथून असा कॉल करायला बंदी होती.

धामणकर नाक्याजवळच्या घरात आई, बाबा आणि मी जेवत होतो. खालच्या कारखान्यातले कापडाचे लूम चालूच होते, म्हणून आईने खिडकी लावली.

"ही दाढी कसली? बुवा झालास काय?"

"दाढीची परवानगी आहे, आई. लेखी."

"आणि फोनची?" मी विचारलं.

तो हसला. काही जणांनी मिळून नौकेवर उपग्रह इंटरनेटची छोटी डिश बसवली होती. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्या नेटवर्कला 'पाण्याचा पंप' असं नाव दिलं होतं.

"दादा, कुठे बोलू नका. नोकरी जाईल."

त्याच्या नोकरीला नऊ वर्षं झाली होती.

बाबा शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कॉल चालू असतानाच त्यांनी स्क्रीनशॉट काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'चिरंजीव थेट जहाजावरून. पाडव्याच्या शुभेच्छा.' मला तो दिसेपर्यंत पाऊण तास गेला होता. फोटोत भावाच्या मागे फळा होता. फळ्यावर पुढच्या बंदराचं नाव वाचता येत होतं.

मी बाबांना तो फोटो काढून टाकायला सांगितला. त्यांनी चष्मा लावून बटण दाबलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "गेला बघ."

माझ्या फोनवर तो तसाच होता. त्यांनी 'माझ्यासाठी हटवा' निवडलं होतं. त्यांच्या फोनवरून मेसेजच पुसला गेल्यामुळे सर्वांसाठी हटवण्याची सोयही गेली.

ग्रुपचे ॲडमिन म्हणजे वडपे गावचे आमचे चुलते. मी त्यांना फोन केला.

"आपला पोरगा हाय, लपवायचा कशाला? मी गावच्या ग्रुपवर पन टाकलाय."

कारण सांगितल्यावर दोन्हीकडचा फोटो त्यांनी काढून टाकला. तोवर किती जणांनी पाहिला, पुढे पाठवला, ते कळायला मार्ग नव्हता. बाबा पुन्हा ताटावर बसले नाहीत.

बाराव्या दिवशी भावाने बंदरातून दुसऱ्याच्या फोनवरून कॉल केला. नौकेची झडती झाली होती. डिश सापडली होती, त्याचा फोन जप्त झाला होता.

"फोटोमुळे का?" बाबांनी विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही. त्यांनी आणखी दोनदा विचारलं.

त्याला नौकेवरून उतरवून किनाऱ्यावर ठेवलं आहे. त्याचा जबाब नोंदवला गेला आहे. निर्णय आलेला नाही.