मामाच्या हातचा पहिला घास

आमच्यात लेकरानं पहिला घास मामाच्या हातनंच खायचा असतो. त्याला उष्टावण म्हणतात. माझ्या लेकीचं उष्टावण सातव्या महिन्यात करायचं ठरलं, आणि मामा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, बसला होता आखातात ट्रक चालवत. सुट्टी मिळंना. दिवाळीला येतो म्हणाला, मग संक्रांतीला येतो म्हणाला. इकडं फुलंब्रीला माझ्या आईनं चांदीची वाटी घेऊन ठेवली, आणि उस्मानपुऱ्यात सासूबाईंनी लेकराचं तोंड बंद ठेवलं.

मामाच्या हातचं लागल्याबिगर अन्नाचा कण द्यायचा नाय, हा त्यांचा हुकूम. पोर तर आमच्या ताटावर झेपावायची, भाकरीला हात घालायची. एकदा मी वरणभात कुस्करून तिच्या ओठाशी नेला, तर सासूबाईंनी वाटीच उचलून नेली. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, आईचं मन कशाला मोडायचं, दूध तर पितेय ना. धन्य तो बाप! पोरीच्या मांड्या सुकल्या, ओठ पांढुरके पडले. मग हळूहळू तिनं ताटाकडं बघायचंच सोडलं. सासूबाई म्हणाल्या, बघ, कशी शहाणी झाली.

भाऊ आला तेव्हा पोरीला वर्ष उलटून गेलं होतं, भिंतीला धरून चालत होती. पाट, रांगोळी, नवा फ्रॉक, सगळं झालं. त्यानं हौसेनं खिरीचा घास भरवला. तांदळाची शितं जिभेला लागली तशी तिला उमासा आला, श्वास अडकला, आणि सगळं त्याच्या नव्या शर्टावर ओकली. बायका हसल्या. होईल सवय, म्हणाल्या.

कुठली सवय! औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी वजन केलं, रक्त तपासलं, सगळं ऐकून घेतलं.

"चावायला शिकायचं एक वय असतं, ताई. ते निघून गेलं. आता फार अवघड जातं."

थेरपी लावली, रिक्षानं नेते-आणते. पोर आता तीन वर्षांची होईल, आणि अजून मिक्सरमधून काढून गाळलेली पेजच पिते. अंगणवाडीत तिच्याहून लहान पोरं खिचडीचे बोकाणे भरतात, ही कोपऱ्यात पाठ करून बसते. भावानं मात्र आशा सोडली नाय. आपल्याच हातनं खाईल म्हणून दर सुट्टीत चमचा घेऊन तिच्या मागं लागायचा, आणि सासूबाई त्याला भरीला घालायच्या. आता त्या देवापुढं बसून राहतात. मला त्यांची कीव येत नाय, खोटं कशाला बोलू.

परवा भाऊ पुन्हा आला. चमचा नको, असं मी फोनवरच बजावलं होतं. त्यानं ऐकलं, भाचीसाठी मोठी बाहुली आणली आणि दारातनंच हाक मारली, "ये, मामाकडं ये."

पोरीनं बाहुलीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकून घेतलं.